चोर सोडून संन्याशाला फाशी : ‘ब्लॅकेन्स्टाइन’च्या समर्थकांना उत्तर

‘ब्लॅकेन्स्टाइन’ हा १९७३ सालचा अमेरिकी भयपट. मेरी शेलीच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीतले कथासूत्र घ्यायचे आणि राक्षसाच्या जागी एक कृष्णवर्णीय सैनिक उभा करायचा, ही त्यामागची कल्पना. पटकथा आणि निर्मिती फ्रँक आर. सलेट्री या फौजदारी वकिलाची, दिग्दर्शन विल्यम ए. लेव्ही यांचे. दोघेही गोरे. प्रेक्षक मात्र गृहीत धरला होता तो शहरी वस्त्यांतला कृष्णवर्णीय. थोडक्या पैशांत, थोडक्या दिवसांत केलेला हा चित्रपट तेव्हाही निराशाजनक ठरला आणि आजही त्याची गणना या प्रकारातल्या सर्वांत फसलेल्या चित्रपटांत होते. तरीही त्याची बाजू घेणारे आहेत. जुन्या, स्वस्त भयपटांविषयी जिव्हाळा असलेल्या रसिकांचा एक वर्ग तो सांभाळून ठेवतो, पुन्हा पुन्हा दाखवतो आणि त्याच्या दोषांना सबबी शोधतो. त्या सबबींचा हा प्रतिवाद आहे.

आधी पार्श्वभूमी. १९७१ साली मेल्विन व्हॅन पीबल्स यांनी ‘स्वीट स्वीटबॅक’ हा चित्रपट मुख्यतः स्वतःच्या आणि उसन्या पैशांवर काढला. कृष्णवर्णीय नायक पोलिसांना चुकवतो आणि शेवटी जिवंत सुटतो, हे प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिले आणि गर्दी केली. त्याच वर्षी गॉर्डन पार्क्स यांचा ‘शाफ्ट’ आला. पैशाच्या तंगीत असलेल्या हॉलिवूडला या गर्दीत पैसा दिसला आणि दोन-तीन वर्षांत असे चित्रपट भराभर निघाले. १९७२ साली नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी या लाटेला ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ हे नाव दिले. ‘ब्लॅक’ आणि शोषणाचा अर्थ असलेला इंग्रजी शब्द यांचा तो जोड. नावातच तक्रार होती : माणसांच्या रागाचा माल करून तो त्यांनाच विकला जातो आहे. भयपटही या लाटेत आले. १९७२ चा ‘ब्लॅक्युला’, १९७३ चे ‘स्क्रीम ब्लॅक्युला स्क्रीम’ आणि ‘ब्लॅकेन्स्टाइन’, १९७४ चे ‘अ‍ॅबी’ आणि ‘शुगर हिल’ ही त्यांतली ठळक नावे.

‘ब्लॅकेन्स्टाइन’ची बाजू मांडणारे साधारण चार गोष्टी सांगतात. पहिली, पैसाच नव्हता, तर चांगला चित्रपट कुठून येणार? दुसरी, निदान कृष्णवर्णीय नटांना काम तरी मिळाले. तिसरी, तो इतका वाईट आहे की पाहायला मजा येते. चौथी, भयपट हा करमणुकीचा प्रकार, त्यात समाज शोधू नये. यांपैकी एकही मुद्दा टिकत नाही. हा चित्रपट फसला तो अपराधी कोण, हे त्याने चुकीचे ठरवले म्हणून. हे समजायला आधी कथा नीट पाहावी लागते.

एडी टर्नर हा सैनिक व्हिएतनाममध्ये भूसुरुंगावर पाय पडून दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावतो. त्याची वाग्दत्त वधू डॉ. विनिफ्रेड वॉकर ही स्वतः वैज्ञानिक आहे. ती लॉस एंजेलिसला आपले जुने गुरू डॉ. स्टाइन यांच्याकडे येते. स्टाइन नोबेल पारितोषिक विजेते आहेत. दुसऱ्याचे अवयव जोडायचे आणि डीएनएच्या इंजेक्शनांनी ते शरीरात रुजवायचे, असे त्यांचे संशोधन आहे. विनिफ्रेडच्या विनंतीवरून ते एडीवर उपचार सुरू करतात. स्टाइन यांचा मदतनीस माल्कम हा कृष्णवर्णीय तरुण विनिफ्रेडच्या प्रेमात पडतो. ती नकार देते तेव्हा तो सूडाने एडीच्या औषधात ढवळाढवळ करतो. एडीची वाचा जाते, कपाळ पुढे येते, हातांवर केस वाढतात, आणि रात्री तो बाहेर पडून माणसे मारू लागतो. शेवटी पोलिसांची कुत्री त्याच्यावर सोडली जातात आणि ती त्याला फाडून टाकतात.

कथेची सुरुवात मुळीच टाकाऊ नाही, आणि चित्रपटाविषयीची निराशा तिथूनच सुरू होते. सैनिकांच्या रुग्णालयात एडी पाठीवर पडून आहे. पाणी प्यायलाही दुसऱ्याचा हात लागतो. तिथला गोरा कर्मचारी त्याची सेवा करायची सोडून त्याला टोचून बोलतो, त्याच्या असहायपणाची टिंगल करतो. एडीला मान वळवण्यापलीकडे काही करता येत नाही. हा प्रसंग साध्या खोलीत, साध्या प्रकाशात आणि फारशा अभिनयाशिवाय घेतला आहे, तरी तो अंगावर येतो. व्हिएतनाम युद्धाच्या पहिल्या वर्षांत मेलेल्यांमध्ये कृष्णवर्णीय सैनिकांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बरेच जास्त होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ च्या न्यूयॉर्कमधल्या भाषणात हा अन्याय उघडपणे मांडला होता. देशासाठी हातपाय दिलेल्या माणसाला त्याच देशाच्या रुग्णालयात असे वागवले जाते, हे दृश्य पाहणाऱ्या प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती.

राक्षस झालेला एडी पहिल्यांदा बाहेर पडतो तो या कर्मचाऱ्याकडे. त्याचा तो हात उपटतो. हात नसलेल्या माणसाची हेटाळणी करणाऱ्याचा हात जातो. चित्रपटातल्या हिंसेला अर्थ आहे तो एवढ्या एकाच ठिकाणी. यानंतर एडी ज्यांना मारतो त्यांतल्या बहुतेकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यांत बऱ्याच तरुण बायका आहेत. कॅमेरा त्यांच्या अंगावर रेंगाळतो, मग किंकाळी, मग आतडी. मधे एका रात्रीच्या क्लबातले विनोद आणि गाणे येते, त्याचाही कथेशी धागा नाही. कोणाला, कशासाठी मारायचे हे ठाऊक असलेला माणूस पुढच्या तासाभरात वाटेत येईल त्याला मारणारे जनावर होतो. हा बदल एडीच्या औषधाने घडवलेला नाही, तो पटकथेने घडवला आहे.

याहून मोठी चूक माल्कमच्या पात्रात आहे. १९७२ च्या जुलैमध्ये, म्हणजे हा चित्रपट येण्याच्या वर्षभर आधी, अमेरिकेत टस्कीगीचे प्रकरण बाहेर आले. अलाबामा राज्यात सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून चाळीस वर्षे सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला होता. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही त्यांना ते दिले गेले नाही, कारण उपचाराविना रोग कसा वाढतो हे डॉक्टरांना पाहायचे होते. ही बातमी फुटल्यावर देश हादरला. गोऱ्या डॉक्टराच्या प्रयोगशाळेत कृष्णवर्णीय माणसाच्या शरीराचे काय होते, ही गोष्ट त्या वर्षी सांगायची तर कल्पनाशक्ती ताणायचीही गरज नव्हती. ती वर्तमानपत्रात आली होती.

‘ब्लॅकेन्स्टाइन’ने नेमकी तीच जागा निवडली आणि डॉक्टराला सोडून दिले. स्टाइन शेवटपर्यंत सज्जन, शांत, उदार आहेत. प्रयोग धोक्याचा आहे का, एडीची खरी संमती आहे का, असा प्रश्न चित्रपटात कोणी विचारत नाही. मेरी शेलीच्या कादंबरीत अपराधी स्वतः व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आहे. त्याने जीव निर्माण केला आणि त्याला टाकून दिले. दीडशे वर्षे त्या कथेचा कणा हाच आहे. इथे तो कणाच काढून टाकला आणि सगळा दोष माल्कमवर टाकला, तोही त्याच्या वासनेवर. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे वासनेने आंधळा झालेला, बाईला धोका असलेला, हा गोऱ्या वर्चस्वाचा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक आरोप. त्याच आरोपाखाली अमेरिकेत शेकडो माणसे झाडाला टांगली गेली. कृष्णवर्णीय प्रेक्षकाकडून तिकिटाचे पैसे घेऊन हा चित्रपट त्याला तोच आरोप परत ऐकवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण याहून चपखल कुठे बसणार?

आता शेवट. पोलिसांची कुत्री एका कृष्णवर्णीय माणसाला फाडतात. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात नागरी हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या मुलांवर तिथला सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याने पाण्याचे जोरदार फवारे आणि पोलिसी कुत्री सोडली होती. ती छायाचित्रे जगभर छापली गेली आणि त्यांनी अमेरिकेची मान खाली घालायला लावली. दहाच वर्षांनी तेच चित्र पडद्यावर येते, आणि चित्रपट ते सुटकेचे म्हणून दाखवतो : संकट टळले, शहर वाचले. ज्या माणसाने देशासाठी हातपाय गमावले, ज्याच्या शरीरावर एका डॉक्टराने प्रयोग केला, ज्याला एका मदतनिसाने बिघडवले, तो या संपूर्ण साखळीत एकटाच निरपराध आहे, आणि कुत्री त्याच्यावर सोडली जातात. तो राक्षस नसून एडी होता, असे सांगणारा एकही चेहरा, एकही ओळ चित्रपटाने ठेवलेली नाही.  विनिफ्रेडच्या दुःखालाही जागा नाही.

इथे पहिली सबब येते : पैसा नव्हता. पण वर सांगितलेल्या चुकांपैकी एकही पैशाची नाही. स्टाइन अपराधी आहे असे दाखवायला माल्कमपेक्षा एक डॉलरही जास्त लागला नसता. उलट चित्रपटाकडे चांगली सामग्री होती. १९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’मधली ठिणग्या उडवणारी विद्युत यंत्रे बनवणारे केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी या चित्रपटातल्या प्रयोगशाळेसाठीही काम केले. पण त्या ठिणग्यांसमोर उभे करायला माणूस नव्हता.

स्वस्तात चांगला भयपट होत नाही, हे म्हणणे इतिहासालाही धरून नाही. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये झाला. त्यात ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट नायक आहे. रात्रभर मृतांशी लढून तो पहाटे जिवंत उरतो आणि बंदुका घेऊन आलेले गोरे लोक त्यालाच चालते प्रेत समजून गोळी घालतात. शेवटी आकड्यांनी ओढून त्याचे शव जाळताना जी काळीपांढरी स्थिर चित्रे दिसतात, ती झुंडबळींच्या छायाचित्रांसारखी आहेत, आणि प्रेक्षक उठताना तीच डोळ्यांसमोर राहतात. ‘ब्लॅकेन्स्टाइन’च्याच वर्षी, १९७३ साली, बिल गन यांचा ‘गंजा अँड हेस’ आला. निर्मात्यांना ‘ब्लॅक्युला’सारखा रक्तपिपासूचा धंदेवाईक चित्रपट हवा होता. गन यांनी तेवढ्याच तुटपुंज्या पैशांत व्यसन, धर्म आणि मिंधेपणा यांवरची गंभीर कलाकृती केली. ती कानच्या समीक्षक सप्ताहात दाखवली गेली. निर्मात्यांनी नंतर ती कापून दुसऱ्या नावाने बाजारात आणली, पण मूळ प्रत टिकली आणि आज तिचाच मान आहे. एकच वर्ष, एकच बाजार, सारखीच पैशांची चणचण. फरक कशात होता, हे यावरून उघड होते.

महाराष्ट्रातही हेच दिसते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. मोजकी पात्रे, उसाच्या फडातले एक घर, एवढीच सामग्री. कर्जात बुडालेला नवरा आणि त्याची गरोदर बायको नेहा शहरातून पळून गावाकडच्या या घरात आसरा घेतात. घराच्या मालकीणबाईंची, तुळसाबाईंची भूमिका उषा नाईक यांनी केली आहे. त्यांच्या लाडात आणि धाकात अंतरच राहत नाही. भीती उभी केली आहे ती उसाने. पुरुषभर उंचीचा फड, पाते लागले तरी कापणारे, आत शिरले की चारी दिशा सारख्याच. मराठवाड्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार कोयता घेऊन ज्या फडांत जातात, तोच हा फड. दिवसाढवळ्या त्यात माणूस हरवतो, हे त्यांना कॅमेऱ्याने सांगायला नको.

‘लपाछपी’तही भुते आहेत : एक बाई आणि काही मुले. पण चित्रपट पुढे सरकतो तसे कळते की भुते अपराधी नाहीत, ती बळी आहेत. अपराध घरातल्या जिवंत माणसांचा आहे, मुलगी नको म्हणणाऱ्या घराण्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात फक्त ८०७. उरलेल्या मुली कुठे गेल्या, हा प्रश्न या चित्रपटाने फडात आणून उभा केला. फुरिया यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला. कमी पैशांतला भयपट काय करू शकतो याचा हा घरचा दाखला. अपराधी ठरवताना तो चुकला नाही, म्हणून त्याची भीती खरी ठरली.

दुसरी सबब कामाची. कृष्णवर्णीय नटांना त्या काळात भूमिका मिळत नव्हत्या हे खरे, आणि त्या मिळाल्या याचे मोल कमी लेखू नये. आयव्हरी स्टोन यांची विनिफ्रेड ही शिकलेली, स्वतंत्र स्त्री आहे. १९७३ साली कृष्णवर्णीय स्त्री वैज्ञानिक पडद्यावर दिसणे ही छोटी गोष्ट नव्हती. पण पटकथा तिला पहिल्या वीस मिनिटांनंतर फारसे काही करू देत नाही. शेवटी ती फक्त पाठलागाची शिकार होते. एडीच्या भूमिकेतल्या जो डि सू यांच्याजवळ पडद्यावरचा अनुभव नव्हता, आणि त्यांना शिकवायला, सांभाळायला कोणी वेळ दिल्याचे दिसत नाही. काम दिले म्हणून न्याय केला असे होत नाही. मजुरी दिली की मालकाचे इतर सगळे माफ, हा हिशोब मराठवाड्यातल्या कोणत्याही सालगड्याला पटणार नाही.

काम मिळालेल्या नटाला काय करता येते, हे ‘ब्लॅक्युला’त विल्यम मार्शल यांनी दाखवले. रंगभूमीवर ऑथेल्लो गाजवलेल्या या नटाने मूळ पटकथेतला सामान्य नायक नाकारला. त्यांच्या आग्रहामुळे नायक ममुवाल्दे हा आफ्रिकी राजपुत्र झाला. १७८० साली तो गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी मदत मागायला ड्रॅक्युलाकडे जातो आणि तिथे अपमान होऊन शापित होतो. ‘ब्लॅक्युला’ हे नाव त्याला ड्रॅक्युलाच देतो. एका प्रसंगाने सगळा चित्रपट बदलला : रक्तपिपासूपण हे गुलामगिरीचे रूप झाले. शेवटी ममुवाल्दे स्वतःच्या पायांनी उन्हात चालत जातो आणि मरतो. राक्षसालाही मान ठेवून मरू दिले आहे. दिग्दर्शक विल्यम क्रेन हे तरुण कृष्णवर्णीय दिग्दर्शक होते. त्यांच्याजवळही पैसा बेताचाच होता.

तिसरी सबब हसण्याची. ‘ब्लॅकेन्स्टाइन’ पाहताना लोक हसतात हे खरे. एडीचा चौकोनी आकार दिलेला आफ्रो केशसंभार, ताठ पावलांची चाल, चुकीच्या जागी तुटणारे दृश्य, हे सगळे हसू आणते. पण हसू कोणाचे, हे पाहिले पाहिजे. पडद्यावर हातपाय गमावलेला, वाचा गेलेला, स्वतःवरचा ताबा सुटलेला एक सैनिक आहे. चित्रपटाने त्याला माणूस म्हणून उभे केले नाही, म्हणूनच त्याच्यावर हसता येते. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये बोरिस कार्लोफ यांच्या तोंडीही शब्द नव्हते. त्यात छताची झडप उघडते, वरून उजेड येतो आणि राक्षस हळूहळू दोन्ही हात वर नेऊन तो उजेड पकडायला जातो. झडप बंद होते तेव्हा त्याचे हात रिकामे राहतात. त्या प्रसंगाला नव्वदहून अधिक वर्षे झाली, पण त्यावर कोणी हसत नाही. एडीला असा एकही क्षण मिळालेला नाही. वाईट चित्रपटावर मनमुराद हसायला हरकत नाही, पण त्या हसण्याला रसिकता म्हणू नये.

चौथी सबब सर्वांत नेटकी आणि सर्वांत पोकळ आहे : भयपट म्हणजे निव्वळ करमणूक. भयपटाचे मूळ काम ‘घाबरायचे कोणाला’ हे ठरवणे आहे, आणि या कामाला सामाजिक वजन नाही असे म्हणणाऱ्याने नांदेड जिल्ह्यातल्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावी येऊन पाहावे. भोकर मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर आहे आणि इथून रस्ता भैंशाकडे, तेलंगणात जातो. बाजारात मराठी, तेलुगू, दखनी आणि तांड्यांवरची गोरमाटी एकत्र ऐकू येते. या साऱ्या सीमाभागात एक भीती सर्व भाषांत ओळखीची आहे. इकडे तिला भानामती म्हणतात, तिकडे बाणामती. घरावर दगड पडतात, दोरीवरची लुगडी पेटतात, बाई कुत्र्यासारखी भुंकू लागते, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की कातडी भाजते आणि काळा डाग उठतो, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी फुली दिसली की पहिला प्रश्न ‘तेल कोणी लावले’ हा नसतो. ‘केले कोणी’ हा असतो, आणि बोट एखाद्या एकट्या विधवेकडे, गावकुसाबाहेरच्या घराकडे किंवा बांधाचे भांडण असलेल्या भाऊबंदाकडे जाते. घरात कोण दुःखात आहे, कोणाची कोंडी झाली आहे, कोणाला बोलता येत नाही म्हणून ती भुंकते आहे, हे शोधायला कोणी बसत नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे गावोगावी जाऊन हेच शोधले आणि बहुतेक ठिकाणी करणारा हात घरातच सापडला. महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा केला. या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर तो आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असा संशय पसरवून तिचे जगणे अवघड करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. एखाद्या माणसाला राक्षस ठरवणे ही करमणूक असती, तर त्यासाठी तुरुंगाची शिक्षा लागली नसती. ‘ब्लॅकेन्स्टाइन’ पडद्यावर जे करतो ते भानामतीच्या गावात चावडीवर घडते : सर्वांत दुबळा शोधायचा आणि त्याच्यावर आळ घालायचा.

यावर अमेरिकेतल्या काळ्यागोऱ्यांच्या भांडणाशी मराठी वाचकाचा काय संबंध, अशी शंका उरते. हा संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ‘ब्लॅकेन्स्टाइन’ आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले आणि ड्यू बॉइस यांनी त्याला उत्तर दिले. १९७२ मध्ये, ‘ब्लॅक्युला’ अमेरिकेत झळकला त्याच वर्षी, मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. नांदेड-लातूरकडे तर हा धागा आणखी जवळचा आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा आयुष्यभर अभ्यास केला आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ मराठीत दिला. त्या समाजाचे दुःख मराठवाड्याच्या वर्गखोल्यांत पुस्तकांतून पोचले आहे.

वर्गखोलीबाहेरचे दुःखही नांदेड जिल्ह्याला माहीत आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे यांना जमावाने मारले. नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. जमाव माणसाला माणूस म्हणून पाहायचे थांबवतो तेव्हा काय होते, हे ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याला रबराचा मुखवटा घाबरवू शकत नाही. त्याला घाबरवील तो खरे बोलणारा भयपट.

आज भोकर, उदगीर, देगलूर, किनवट इथली मुले हातातल्या फोनवर लघुपट करतात आणि त्यांत भयकथा पुष्कळ असतात. पैसा त्यांच्याजवळही नाही. त्यांना ‘ब्लॅकेन्स्टाइन’ अवश्य दाखवावा, आणि त्याच बैठकीत ‘लपाछपी’ दाखवावा. कापसाच्या पळाट्या, पडका वाडा, बंद पडलेली विहीर, अमावस्येचा तांडा, भीतीला लागणारे सगळे या मातीत फुकट मिळते. एवढ्यावर भयपट होतो. मात्र पहिले दृश्य घेण्याआधी भूत कोणाचे आणि ते भूत कोणी केले, याचे उत्तर लिहून ठेवावे. त्या उत्तरात काळ्या रंगाचा माणूस, एकटी बाई, अपंग किंवा वेशीबाहेरचा माणूस सोयीने राक्षस झाला असेल, तर ते पान फाडून नव्याने लिहावे.

‘ब्लॅकेन्स्टाइन’विषयीचा निकाल असा : त्याच्याजवळ पैसा कमी होता, हा त्याचा दोष नव्हे. व्हिएतनाम, टस्कीगी आणि बर्मिंगहॅम हे तीनही त्याच्या हातात होते, आणि त्याने डॉक्टराला सोडले, मदतनिसाला दोषी धरले आणि एडी टर्नरला कुत्र्यांच्या तोंडी दिले. हा अपराध कोणत्याही सबबीने धुतला जात नाही.